कपाशीतलं गांजाचं झाड कायदा कसं मोजतो

परसात दोन-चार गांजाची झाडं लावली, विकली नाहीत, कुणाला दिली नाहीत, तर काय बिघडतं? पारावर हा प्रश्न निघाला की उत्तरंही लगेच मिळतात. चार झाडांपर्यंत चालतं. एक किलोपर्यंत सोडून देतात. झाड ओलं आहे तोवर गुन्हाच होत नाही. ही तिन्ही उत्तरं चूक आहेत, आणि त्यांच्यावर विसंबलेल्या माणसाचं अख्खं घर कोर्टाच्या पायऱ्या चढतं. म्हणून झाड उगवल्यापासून निकालापर्यंत कायदा काय काय बघतो, ते क्रमानं समजून घ्यायला हवं.

आधी शेतकऱ्याच्या बाजूनं बघू. कपाशी, तूर किंवा उसाच्या आडोशाला गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या बीडसह मराठवाड्यात अधूनमधून येतात. कपाशीला भाव नाही, सोयाबीन पावसात गेलं, कर्जाचा हप्ता तोंडावर आला, अशा वेळी कुणी येऊन कानात सांगतो, की चार ओळी लाव, बाकीचं मी बघतो. ऑगस्ट 2021 मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जच केला होता. कुठल्याच शेतमालाला हमखास भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायला परवानगी द्या, असं त्यानं लिहिलं. प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप म्हणून पोलिसांनी तो अर्ज मोडीत काढला. मला मात्र त्यातला संताप खरा वाटतो. फरक एवढाच, की त्यानं उघड अर्ज केला, आणि आडोशाला झाडं लावणारा जे करतो त्याला कायद्यात क्षमा नाही.

हा कायदा म्हणजे अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. 14 नोव्हेंबर 1985 पासून तो लागू आहे. यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि सगळा घोळ त्यांची सरमिसळ केल्यानं होतो. एक व्याख्या झाडाची. कॅनाबिस कुळातलं कुठलंही झाड म्हणजे ‘कॅनाबिसचं झाड’. नर असो, मादी असो, वीतभर रोप असो. दुसरी व्याख्या गांजाची. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा नुसतं बी असेल, तर ते या व्याख्येत बसत नाही.

आता शिक्षा बघा. कलम 20 मध्ये लागवडीचा गुन्हा वेगळा आणि गांजा जवळ बाळगण्याचा वेगळा. लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. इथे किलोचा हिशेबच नाही. चार झाडं की चारशे, ओली की वाळलेली, हे गुन्हा ठरवताना विचारलं जात नाही. शिक्षा किती द्यायची ते ठरवताना न्यायाधीश हे बघतील, पण गुन्हा घडला तो लावण्यानंच. ज्या रोपाला अजून फुलोरा नाही, त्यातून एक ग्रॅमही ‘गांजा’ निघत नाही, तरी ते लावणारा आरोपी होतोच. पारावरचं ‘एक किलोपर्यंत सोडून देतात’ हे गणित लागवडीला लागूच पडत नाही.

किलो येतात ते बाळगण्याच्या गुन्ह्यात. 19 ऑक्टोबर 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे 1 किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, आणि 20 किलोच्या पुढे व्यापारी प्रमाण. अल्प प्रमाणाला 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तिथेही कुणी सोडून देत नाही. दोन्हींच्या मधल्या प्रमाणाला 10 वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान 10 आणि कमाल 20 वर्षं, शिवाय 1 ते 2 लाख रुपये दंड. त्यात कलम 37 येतं. व्यापारी प्रमाण असेल तर आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय कोर्ट जामीन देऊ शकत नाही. खटला संपेपर्यंत माणूस आत राहतो तो बहुतेकदा या कलमामुळे. जास्त उत्पन्नाच्या आशेनं जो खतपाणी घालतो, तो आपल्याच शिक्षेचं प्रमाण वाढवत असतो.

रानात वजन कसं होतं, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. पथक येतं, पंच बोलावले जातात, छायाचित्रं निघतात. झाडं मुळासकट उपटून त्यांचा भारा वजनकाट्यावर ठेवला जातो. मुळाला काळी माती चिकटलेली, खोड ओलं, फांद्या, पानं, शेंडे सगळं एकत्र. समजा काट्यानं 22 किलो दाखवले. फिर्यादीत 22 किलो गांजा लिहिला, की प्रकरण व्यापारी प्रमाणात गेलं. पण व्याख्येप्रमाणे गांजा फक्त शेंडे. ते वेगळे काढून तोलले असते तर कदाचित 3 किलोच भरले असते. मग प्रकरण मधल्या प्रमाणात येतं, किमान 10 वर्षांची सक्ती जाते आणि जामिनाला कलम 37 आडवं येत नाही. मुळं, खोड, पानं, बी यांच्यासकट केलेल्या वजनावरून व्यापारी प्रमाण धरता येईल का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयानं जामिनाच्या अनेक अर्जांत उचलून धरला आहे आणि आरोपींना जामीन दिला आहे. म्हणून पंचनाम्यात काय तोललं, कशासकट तोललं, ओलं की सुकं, ही ओळ वकिलानं सगळ्यात आधी वाचायची असते. लागवडीचं कलम मात्र या युक्तिवादानं हलत नाही.

पुढची पायरी नमुन्यांची. कलम 52अ प्रमाणे जप्त मालाची यादी आणि छायाचित्रं दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यायची, आणि नमुने त्यांच्यासमोर काढायचे असतात. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं जप्ती, साठवण आणि नमुन्यांचे स्वतंत्र नियमही केले. नमुने सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि खटला विशेष न्यायाधीशांपुढे चालतो. उभं पीक असेल तर कलम 48 खाली ते जप्त करून नष्ट करण्याचा आदेश निघू शकतो.

खटल्यात सर्वांत अवघड प्रश्न साधा वाटतो: झाड लावलं कुणी? कलम 54 म्हणतं, की आरोपीनं कसलेल्या जमिनीत असं झाड उभं असेल आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा त्यानंच केला असं गृहीत धरता येईल. कलम 35 मध्ये आरोपीचा हेतूही गृहीत धरला जातो. तसा हेतू नव्हता हे त्यानं सिद्ध करायचं. पण 2008 च्या नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पायाभूत गोष्टी आधी सरकार पक्षानंच सिद्ध करायच्या. त्यानंतरच गृहीतकं चालू होतात. 2004 च्या अलख राम खटल्यात, जो उत्तर प्रदेशातला होता, जमीन त्या आरोपीचीच आहे आणि झाडं त्यानंच लावली याचा पुरावा नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं.

आपल्याकडे हा मुद्दा सातबाऱ्याशी येऊन भिडतो. एकाच गटावर पाच भावांची नावं. एक पुण्यात, एक कारखान्यावर, कसतो तिसराच. कुठे जमीन बटाईनं दिलेली, कुठे सालगड्याच्या भरवशावर. बीडमधली हजारो कुटुंबं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि तुरीचं रान मागे उभं असतं. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यानं लागवड सिद्ध होत नाही. पण पोलीस चौकशी सुरू होते ती सातबाऱ्यापासूनच. जागा आपल्या ताब्यात आहे आणि तिथे चालणारा गुन्हा आपण जाणूनबुजून चालू दिला, असं ठरलं तर कलम 25 खाली मालकालाही तीच शिक्षा लागू होते.

आणि गप्प बसणंही सुरक्षित नाही. कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीत असं झाड बेकायदा लावलेलं आहे हे कळलं, तर ताबडतोब पोलिसांना कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून टाळलं तर शिक्षा आहे. कलम 47 हेच बंधन सरपंच, पंच आणि प्रत्येक गावकामगारावर घालतं. तलाठी आणि पोलीस पाटलांनी ‘मला कशाला मध्ये ओढता’ म्हणायची सोय कायद्यानं ठेवलेली नाही.

ओळखण्यात चूक होऊ शकते, कारण बांधावरची अंबाडी पानानं गांजासारखी दिसते. तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी जास्वंद. फरक असा. अंबाडीचं पान कितीही खोल कातरलेलं असलं तरी देठाजवळ एकसंध असतं, चावून बघितलं तर आंबट लागतं, खोडावर बारीक काटे असतात आणि फूल फिकट पिवळं, मध्ये गडद किरमिजी. गांजाच्या पानाची बोटं देठाच्या टोकाला एकमेकांपासून पूर्ण सुटी असतात, कडा करवती, खोड बिनकाट्याचं, फुलं हिरवी आणि पाकळ्यांशिवाय. फुलोऱ्यातल्या झाडाचा उग्र वास तर लांबूनच येतो.

झाड दिसलंच तर उपटून घरी आणू नका. घरी आणलं की ते आपल्या ताब्यात आलं. जागेवरच फोटो काढा, 112 ला फोन करा किंवा ठाण्यात गट नंबरासह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नाव पुढे येऊ द्यायचं नसेल तर अमली पदार्थांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक 1933 आहे.

दोन गोष्टी थोडक्यात. भांग, म्हणजे नुसती पानं, केंद्राच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नाही. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली ती विनापरवाना बाळगता येत नाही. परळीच्या वैजनाथाचा प्रसाद आहे, असं सांगून सुटका होत नाही. आणि दुकानात हेंपच्या, म्हणजे याच झाडाच्या कमी नशेच्या वाणाच्या, बियांचं तेल मिळतं म्हणून शेती खुली झाली, असंही नाही. 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बी आणि बियांचं तेल खाद्य म्हणून मान्य केलं. लागवडीला कलम 14 खाली सरकारचा वेगळा आदेश लागतो. उत्तराखंडनं तसे परवाने दिले आहेत, तेही नशेचा घटक 0.3 टक्क्यांच्या आतल्या वाणांना. त्यांच्या परवान्यावर बीडमध्ये पेरता येत नाही. ‘बी देतो, माल उचलतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे महाराष्ट्र शासनाचा कागद मागा.

घरात कुणी व्यसनात अडकलं असेल, तर त्याच्यासाठी परसात झाड लावणं हा तर सगळ्यात वाईट इलाज. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो, त्याला कलम 64अ खटल्यापासून संरक्षण देतं. लागवडीच्या गुन्ह्याला ते मिळत नाही. व्यसनमुक्तीचा मोफत मदत क्रमांक 14446 आहे.

ऊसतोडीला निघणाऱ्यांनी जाण्याआधी एवढं करावं. ई-पीक पाहणीत आपलं खरं पीक फोटोसह नोंदवावं. बटाईचा करार साध्या कागदावर का होईना, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहून ठेवावा. आणि मागे राहिलेल्या भावकीतल्या एकाला महिन्यातून एकदा तुरीच्या ओळींतून फेरी मारायला सांगून जावं.