बंब, गीझर आणि बहरीनचा हिवाळा

"बहरीनला राहता आणि पाणी तापवायला गीझर? थट्टा करताय की काय!" सुट्टीत पुण्याला गेलो की हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकावा लागतो. उन्हाळ्यात इथे आभाळातून आग ओतत असते, हे खरंच आहे. पण जानेवारीत उत्तरेकडून शमाल सुटला आणि रात्रीचा पारा 14-15 अंशांवर आला, की फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. आपली इथली घरं बांधलेली आहेत उन्हाळ्यासाठी. मग कपाटातून ऑइल हीटर बाहेर निघतो, सहा महिने बंद असलेल्या गीझरचं बटण दाबलं जातं आणि आपण निर्धास्त होतो. हे निर्धास्त होणं किती महागात पडलं असतं, तेच आज सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या आई साताऱ्याहून पहिल्यांदा इथे आल्या, त्या नेमक्या जूनमध्ये. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून हाक आली, "अरे, थंड नळाला कढत पाणी येतंय आणि गरम नळाला कोमट! नळ उलटे बसवलेत की काय?" जुन्या बहरीनकरांना यात नवल नाही. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते, त्यामुळे 'थंड' नळ हात भाजतो. म्हणून आपण उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतो. रात्री भरून ठेवलेलं त्यातलं पाणी एसीच्या गारव्यात थोडं निवतं आणि सकाळी तेच थंड म्हणून अंगावर घेतो. टाकीचं आवरण चांगलं असेल तर ते फारसं निवतही नाही, पण गच्चीवरच्यापेक्षा बरं!

आईंना आम्ही हे समजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हा तुमचा बंबच की!" खरं सांगायचं तर इतकी नेमकी व्याख्या आम्हाला परदेशात एम. एस. करतानाही कुणी सांगितली नव्हती. साताऱ्याच्या घरच्या तांब्याच्या बंबात वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडायचं. गीझरमध्ये हेच घडतं. थंड पाणी खालून आत येतं आणि वरचं गरम पाणी पुढे ढकलतं. फरक दोनच. लाकडांच्या जागी वीज आली, आणि बंब वरून उघडा होता, गीझर मात्र चारी बाजूंनी बंद. सगळी गोम या दुसऱ्या फरकात आहे.

पाणी तापलं की फुगतं. 50 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेलं तर ते सुमारे पाऊण लिटरने वाढतं. बंबात हे जास्तीचं पाणी तोटीतून ठिबकून जायचं. बंद टाकीत ते जाणार कुठे? बहुतेक गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते. म्हणून तिथेच एक सेफ्टी व्हॉल्व्हही बसवतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो थोडं पाणी बाहेर सोडतो. तेव्हा पाणी तापत असताना व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणं हा बिघाड नाही. व्हॉल्व्ह जागा असल्याची ती खूण आहे.

त्या वर्षी आई इथेच राहिल्या. डिसेंबरात गार वारा सुटल्यावर त्यांच्यासाठी आम्ही गीझर सुरू केला. पाणी छान तापलं, पण व्हॉल्व्हखाली एक थेंबही नाही. शंका आली म्हणून स्टुलावर चढून पाहिलं, तर व्हॉल्व्हच्या भोकात टेफ्लॉन टेप गुंडाळून स्क्रू ठोकलेला! आमच्या आधी त्या घरात राहणाऱ्या कुणीतरी 'गळती' बंद केली होती. आमच्या पोटात गोळा आला. थर्मोस्टॅट ठीक होता म्हणून निभावलं. तो अडकला असता तर पाणी तापतच राहिलं असतं. दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. पण टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते. अर्धा क्विंटल पाण्याची ती टाकी आईंच्या डोक्यावर टांगलेली होती! त्याच संध्याकाळी व्हॉल्व्ह बदलून घेतला. खर्च किरकोळ आला, झोप मात्र त्यानंतरच लागली.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला आणि त्यानंतर अनेकजण विचित्र न्यूमोनियाने दगावले. पुढच्या वर्षी त्याचा जंतू सापडला. त्याचं नाव लेजिओनेला. हा पाण्यात वाढतो आणि त्याला 20 ते 45 अंशांचं साठलेलं पाणी फार मानवतं. पाणी पिऊन सहसा काही होत नाही, पण शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर वयस्कर माणसांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि दम्यासारखा फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. उन्हाळ्यात बंद ठेवलेला आपला गीझर नेमका याच तापमानात असतो! म्हणून हिवाळ्यात तो सुरू करताना आधी जुनं पाणी शॉवरमधून न सोडता साध्या नळातून सावकाश वाहू द्यावं. मग टाकी 60 अंशांवर काही तास तापू द्यावी आणि त्यानंतरच वापरावी. एरवीही साठवण 60 अंशांवरच ठेवावी.

पण 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. घरात लहान मूल असेल तर बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा आजीचा नियम आजही पाळावा. टाकीतलं 60 अंशांचं आणि गच्चीवरचं 20 अंशांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की 40 अंशांचं मिळतं. म्हणजे 50 लिटरच्या टाकीतून हिशेबाने 100 लिटर आंघोळीचं पाणी निघतं.

आता खिशाकडे वळू. एवढी टाकी तापवायला सुमारे 2.3 युनिट वीज लागते. 1.5 किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी दीड तास लागतो. युनिटला 3 फिल्स पडत होते तेव्हा याची कुणी पर्वा केली नाही. 2016 पासून आपल्यासारख्या परदेशी रहिवाशांचा दर टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि 2019 मध्ये तो 29 फिल्सवर आला. सात फिल्सचं काम 67 फिल्सचं झालं. अख्खा दिवस गीझर चालू ठेवला तर टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेचा भुर्दंड वेगळाच. तेव्हा सकाळी दीड तास तापवा, वापरा आणि बंद करा.

काही मित्र विचारतात, इंग्लंडात घरंसुद्धा साठवलेल्या गरम पाण्याने उबदार ठेवतात, मग इथे का नको? तिथे रात्री स्वस्त दराने मोठी टाकी तापवून दिवसा तिचं पाणी रेडिएटरमधून फिरवता येतं. आपल्या गीझरमधली सगळी ऊब मात्र 2,000 वॅटचा ऑइल हीटर तासा-सव्वातासात संपवून टाकेल. थंडीचे पाच-सहा आठवडे काढायला एवढा खटाटोप परवडत नाही. तुमच्या एसीला गरम हवेची सोय असेल तर ती वापरा. तो बाहेरच्या हवेतली ऊब खेचून आत आणतो, त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. ऑइल हीटर एका युनिटाला एकच देतो.

तेव्हा मंडळी, या हिवाळ्यात बटण दाबण्याआधी चार गोष्टी पाहा. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड मोकळं आहे ना? आत पाणी भरलं आहे ना? अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा ब्रेकर नीट आहे ना? आणि टाकीतली मॅग्नेशियमची कांडी गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी तपासली आहे का? ती झिजते म्हणून टाकी टिकते. ही कामं जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद.

आई पुढे साताऱ्याला परतल्या. आता दर डिसेंबरात फोनवर खुशाली विचारून झाली की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "काय रे, बंब ठिबकतोय ना?" आम्हीही स्टुलावर चढून खात्री करतो आणि मगच उत्तर देतो, "हो आई, ठिबकतोय!"