छापण्याआधी

मुलांनो, गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या भित्तिपत्रकात एक बातमी लागली : अमक्याने रंगीत खडूंची पेटी घरी नेली! मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेने ती वाचली. पेटी मात्र सापडली कपाटामागे. ज्याचं नाव लिहिलं होतं तो दुसऱ्या दिवशी शाळेला आलाच नाही. लिहिणारा म्हणाला, "बाई, मला एकानं सांगितलं होतं." बातमी लावायच्या आधी मीही विचारपूस केली नव्हती. चूक माझीसुद्धा.

मग मी वर्गाला कोल्हापूरची गोष्ट सांगितली.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. (तुमच्या इतिहासाच्या पुस्तकातले ते वेगळे बरं का!) १८७१ साली लहानपणीच ते दत्तक आले. दिवाण होते माधवराव बर्वे, आणि वर इंग्रजांची देखरेख. इंग्रज म्हणत, महाराजांना वेड लागलंय. लोकांना ते पटेना. राजाचा छळ चाललाय, अशी कुजबुज सुरू झाली.

१८८१ साली पुण्यात मराठी 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' निघाले. केसरीचे संपादक आगरकर, मराठाचे टिळक. दोघेही पंचविशीचे, दोघेही शाळेत शिकवणारे! बर्व्यांच्या नावची काही पत्रं त्यांच्यापर्यंत आली. त्यांवर विसंबून त्यांनी छापलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि पत्रं निघाली बनावट. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिलं.

आणि महाराज? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) पहाऱ्यात असताना, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय अवघं वीस! म्हणजे काळजी खरी होती, कागद खोटे होते. मला हे फार लागतं. खोट्या पत्रांमुळे खरा प्रश्न विचारणारेच आरोपीच्या पिंजऱ्यात गेले, आणि राजा एकटा राहिला.

खोट्या कागदांवरून इंग्लंडच्या डायना राजकन्येची आठवण होते. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना ती बातमी आठवत असेल. १९९५ साली बीबीसीच्या एका पत्रकाराने तिची मुलाखत मिळवली. त्यासाठी त्याने बँकेचे बनावट कागद करून तिच्या भावाला दाखवले होते. चौकशीत हे पुरतं उघड झालं २०२१ मध्ये, म्हणजे तिच्यामागे चोवीस वर्षांनी. ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसमध्ये फोटोवाले मोटारसायकलींवरून तिच्या गाडीच्या मागे लागले होते. गाडी बोगद्यातल्या खांबावर आदळली. ड्रायव्हर प्यायलेला होता, गाडी सुसाट होती. २००८ साली लंडनच्या ज्युरीने ड्रायव्हर आणि पाठलाग करणाऱ्या गाड्या, दोघांच्याही बेफिकिरीला दोष दिला.

"पण बाई, फोटोवाले का धावत होते?" एकीने विचारलं.

फोटोला पैसे मिळायचे म्हणून. पैसे पेपरवाले द्यायचे. आणि पेपर कोण विकत घ्यायचं? वर्ग जरा गप्प झाला.

मग आम्ही दुरुस्ती लिहिली. आधी कुणीतरी ती खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लावली होती. पोरांनीच ती काढली आणि जिथे बातमी होती तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावली. तो मुलगा तिसऱ्या दिवशी आला. दप्तर न ठेवता आधी भित्तिपत्रकाकडे गेला, आणि दोनदा वाचून मग जागेवर बसला.