मनगटातल्या नसेवर नजर

मध्यरात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. करंगळी मात्र शाबूत असते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. दुखणं असतं मनगटातल्या कार्पल टनेल या अरुंद बोगद्यात. तळाला आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वर जाड आडवा पट्टा आणि आत बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरांसोबत दाटीवाटीने मीडियन नर्व्ह. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह, संधिवात अशा कारणांनी आतला दाब वाढला की आधी तीच चेपली जाते.

एक्स-रेत हाडं दिसतात, नस दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण ती तपासणी महाग आणि हात स्थिर ठेवून करायची. सोनोग्राफीचं मोल मला इथेच वाटतं. पोटाच्या प्रोबची फ्रिक्वेन्सी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झ. मनगटाला 12 ते 18 चा प्रोब लागतो. तो खोलवर पोचत नाही, पण नस त्वचेखाली सेंटिमीटरभरही खोल नसते.

पडद्यावर नसेचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. शेजारच्या कंडराही तशाच वाटल्या, तर प्रोब किंचित कलवायचा: कंडरा काळ्या पडतात, नस फारशी बदलत नाही. मग रुग्णाला बोटं मिटायला-उघडायला सांगायचं. कंडरा सरकतात आणि त्यांच्यामधून वाट काढणारी नस हलताना दिसते. चेपलेल्या नसेची ही हालचाल बहुधा मंदावलेली असते.

1991 मध्ये ऑस्ट्रियातल्या बुखबर्गर आणि सहकाऱ्यांनी या आजाराची सोनोग्राफीतली चिन्हं मांडली: बोगद्याच्या तोंडाशी नस सुजते, आत चपटी होते, वरचा पट्टा फुगतो. आज सुजलेल्या जागी छेदाचं क्षेत्रफळ मोजतात. 10 चौरस मिलिमीटरच्या आसपास गेलं की शंका बळावते. सीमा प्रत्येक केंद्रात थोडी वेगळी असते.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की पोट आणि गर्भच आठवतो. मनगट दाखवायला गेलेल्यालाही समोर गर्भलिंग निदानबंदीचा फलक दिसतो. ती बंदी हवीच. देशात असा कायदा सर्वांत आधी 1988 साली महाराष्ट्राने केला. पण हेच यंत्र नसांसाठीही आहे, हे डॉक्टरांनी रुग्णांना आवर्जून सांगायला हवं.

नस किती मंद चालते हे नर्व्ह कंडक्शन तपासणी सांगते, का चेपली हे ती सांगत नाही. कंडरांभोवतीची सूज, एखादी गाठ, दुभंगलेली नस किंवा तिच्यालगत राहून गेलेली जन्मजात धमनी सोनोग्राफीत सापडते. पट्टा कापायची वेळ आलीच, तर शल्यविशारदाला या धमनीची खबर चिरा देण्याआधी हवी असते.