गाडीमागे घर जोडताना

अमेरिकेतल्या शोरूममध्ये ‘ही गाडी किती ओढते?’ असं विचारलं, की विक्रेता एका दमात सांगतो, ‘पाच हजार पौंड.’ म्हणजे साधारण २२७० किलो. मग नवराबायको चार हजार पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर पसंत करतात आणि हजार पौंड हाताशी आहेत म्हणून निर्धास्त होतात. हिशेब चुकतो तो इथेच.

एक तर माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. तीस गॅलनांची टाकी भरली की ११४ किलो पाणीच झालं. त्यावर गॅसच्या टाक्या, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेला कुकर. ट्रेलर बघता बघता दोन हजार किलोंवर जातो. आता चालकाचं दार उघडून चौकटीवरची पट्टी वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन पेलते, ते तिथे छापलेलं असतं. समजा, ६०० किलो. चार माणसांचे २८०, डिकीतल्या सामानाचे १००, ट्रेलर अडकवायच्या हिचचे ४०. राहिले १८०. पण ट्रेलरची मान गाडीच्या हिचवर टेकते आणि तिचा भारही याच सहाशेत धरायचा असतो. दोन हजार किलोंच्या ट्रेलरचा तो भार २४० किलो धरला, तर गणित साठ किलोंनी बुडालं. गाडी ट्रेलर ओढेल, पण तो पेलायची तिची ताकद आधीच संपलेली आहे.

मानेवरचा हा भार, म्हणजे टंग वेट, कमी करून भागत नाही. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तो लागतोच. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो, तसंच इथे होतं, फक्त ताशी ९० किलोमीटर वेगात. जड सामान मागच्या बाजूला गेलं की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. बाजूने मोठा ट्रक सुसाट गेला, की त्या हेलकाव्याला निमित्त मिळतं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तेच टाळायचं असतं. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि चालकाजवळच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागचं चाक अडलं, की ट्रेलर ताणून सरळ होतो. ही कळ कुठे आहे ते निघण्याआधीच बोटांना ठाऊक हवं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर आहे. ती कंटाळवाणी वाटते, पण मला तरी ती शहाणपणाची वाटते.

वजनाबद्दल अंदाज बांधत बसू नये. महामार्गावरच्या ट्रकतळांवर वजनकाटे असतात. सामान, पाणी, पोरंबाळं सगळं भरून एकदा त्यावर चढावं.

जोडणीत घाई नको. हिचच्या गोळ्यावर ट्रेलरच्या मानेचा कपलर बसला, कुलूप लागलं, की जॅकने मान थोडी उचलून पाहायची. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर पकड पक्की. ट्रेलरच्या सुरक्षा-साखळ्या मानेखालून एकमेकींना छेदून गाडीला लावायच्या, म्हणजे कपलर निसटला तरी मान रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडते. ट्रेलर पूर्ण सुटलाच, तर एक बारीक तार खेचली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ती तार साखळीत अडकवायची नाही, गाडीला स्वतंत्र बांधायची.

रिव्हर्स हा संसाराची परीक्षा घेणारा विषय. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात सरकवायचा. बाहेर उभं राहून ओरडणाऱ्याने आरशात दिसेल अशा जागी उभं राहावं, एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं टळतात. पहिल्या खेपेला, सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा आरक्षित करणं सगळ्यात उत्तम.

मुक्कामी पोचल्यावर आधी डावी-उजवी पातळी साधायची, मग चाकांना अडण्या लावायच्या आणि त्यानंतरच गाडी सोडवायची. विजेचं कनेक्शन तीस अँपिअरचं असेल तर साधारण ३६०० वॉट मिळतात. एसी चालू ठेवून इंडक्शनवर पोहे करायला घेतले की अंधार. आणि फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म अख्ख्या कॅम्पग्राउंडला उठवेल. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नये. पातळ वाहून जातं आणि घट्ट तळाशी साचतं. टाकी बरीच भरल्यावर आधी ती रिकामी करायची, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपसूक धुतली जाते.

मार्ग ठरवताना ट्रेलरची मापं हाताशी असू द्या. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या घाटभागात गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांपेक्षा लांब असेल तर प्रवेश नाही. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजला पाणी-वीज थेट ट्रेलरला जोडता येते, पण अस्वलांमुळे तिथे कापडी भिंतींचे उघडणारे ट्रेलर चालत नाहीत. योसेमिटीत पार्कच्या आत असं कनेक्शनच नाही. म्हणजे पाणी टाकीत भरून न्यायचं, आणि ते ११४ किलो पुन्हा हिशेबात धरायचे.