गोणपाटाच्या पॅनेलचा दिवस

साडेसात. शटर वर गेलं की आधी ओव्हन, चहा नंतर. श्रावणात वाळूज एमआयडीसीची हवा इतकी दमट असते की रात्रभर रॅकवर राहिलेलं गोणपाट हाताला गार लागतं. तागाला पाणी धरायची खोडच आहे. ६५ टक्के आर्द्रतेत तो वजनाच्या बारा-तेरा टक्के पाणी घेऊन बसतो. काचेच्या मॅटवर हयात घालवलेल्या मामांना हा वाळवायचा सोपस्कार अजून पटत नाही. ओल्या तागावरही रेझिन चढतं आणि दिसतंही छान, पण धाग्याला घट्ट धरत नाही.

नऊ. लेअप, म्हणजे मधल्या फोमच्या दोन्ही बाजूंना रेझिनमध्ये भिजवलेल्या गोणपाटाची साल चढवणं. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर मग. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, म्हणून बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत. नव्या पोराने विचारलं, "दादा, मधे पीयू फोमऐवजी थर्माकोल टाकला तर? स्वस्त पडेल." त्याच्या हातात थर्माकोलचा तुकडा आणि रेझिनचा ब्रश दिला. म्हटलं, "लाव." ब्रश टेकला तिथे दाणे बसत गेले आणि बघता बघता खड्डा पडला. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. पोरगं हसलं, आणि पुन्हा विचारणार नाही.

साडेअकरा. मागच्या आठवड्याच्या पॅनेलची कापाकापी. २०० बाय ७५ मिलिमीटरचे तुकडे, प्रत्येकाला व्हर्नियर. तागाचं एक सुख आहे: काच कापली की संध्याकाळपर्यंत अंग खाजतं, हा फक्त धूळ करतो.

एक. डब्यात अंबाडीची भाजी. हिच्याच खोडाच्या सालीचे दोर मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या वळले, आणि तोच धागा परदेशी मोटारींच्या दारांच्या आतल्या पट्ट्यांत गेला. इथे १९८५ पासून बजाजची दुचाकी बनते, भोवती शेकडो शेड उभ्या राहिल्या; पण बांधावरच्या धाग्याचं इथे फारसं काही झालं नाही, हे मला खटकतं.

दोन. यूटीएम, म्हणजे तुकडे वाकवून मोडायचं यंत्र. तुकडा दोन रोलरवर ठेवायचा, अंतर १५० मिलिमीटर. वरचा रोलर मधोमध, मिनिटाला सहा मिलिमीटर खाली. वाकताना वरची साल दाबली जाते, खालची ताणली जाते, मधला फोम कातर सोसतो. तागाचा धागा काचेच्या जेमतेम एक तृतीयांश ताठ. ती उणीव साली एकमेकींपासून लांब ठेवून भरून काढायची. अंतर दुप्पट केलं की ताठपणा साधारण चौपट. वजन मात्र फोमपुरतंच वाढतं.

पडद्यावर रेष सरळ चढते, मग कलते. "आता बघा," मामा म्हणतात, आणि कुरकुर होऊन फोममध्ये तिरकी चीर जाते, जवळपास ४५ अंशांत. हे चांगलं मोडणं. एकूण जाडी २४, फोम २०, रुंदी ७५. भार १,००० न्यूटन असेल तर २४ आणि २० यांच्या बेरजेला रुंदीने गुणून त्याने भागायचं: फोमवर ०.३० मेगापास्कल कातर.

पुढचा तुकडा वेगळा मोडला. खालची साल सुटली, तिच्यावर फोमचा कणही नाही. कोरड्या गोणपाटाने रेझिन पिऊन टाकलं, फोमला चिकटायला उरलंच नाही. आकडा आधीच्यापेक्षा थोडाच कमी आला, पण मी हा तुकडा बाजूला ठेवला, फोटो काढला, नोंदवहीत आकड्याआधी मोडण्याची रीत लिहिली. उद्यापासून फोमला आधी रेझिनचा एक हात मारून मगच कापड.

साडेचार. ग्राहकाचा फोन. "साहेब, एकच सांगा, ताकद किती?" बस-पार्टिशनसाठी हवं आहे त्यांना. मी उलट विचारलं: आधार किती अंतरावर, धुणार कशाने, स्क्रू कुठे मारणार? ते वैतागले. वैतागू देत. ताठ पॅनेल आणि मजबूत पॅनेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की दोन्ही खालावतात.

साडेपाच. चार कडा रेझिनने बंद केलेले काही तुकडे, आणि काही उघडेच, वजन करून पाण्यात सोडले. २४ तासांनी पुन्हा तराजू, मग यूटीएम. उघड्या कडांचे किती फुगतात ते बघून पार्टिशनचा भाव सांगेन.