कॉफीच्या गाळात दिसलेलं भविष्य

इराणमध्ये कॉफी पिऊन झाली की काही घरांत कप बशीवर पालथा घालतात. तळाचा गाळ कडेने ओघळतो, वाळतो, आणि जाणकार बाई त्या काळ्या नक्षीत वाटा, पक्षी, डोंगर शोधत समोरच्याचं भविष्य सांगते. याला म्हणतात फाल. फाल कवितेतूनही बघतात. शब-ए-यल्दाला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, कवी हाफिजचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, उघडायचा आणि समोर येईल त्या गझलेत आपलं उत्तर शोधायचं.

इराणी रॅपर तूमाज सालेहीने ‘फाल’ नावाचं रॅप केलं, तेव्हा कप होता राज्यकर्त्यांचा. गाळात त्याला दिसलं ते राजवटीचं पतन. केवढी धिटाई! ज्यांच्यापुढे देशाने मान खाली घालायची, ते सत्ताधीश इथे नशीब ऐकायला बसलेलं गिऱ्हाईक होतात.

तूमाजचा जन्म १९९० चा. बख्तियारी जमातीतल्या घरातला हा तरुण इस्फहानजवळच्या शाहीनशहरात राहायचा, धातुकाम करायचा. इराणमध्ये गाणं रीतसर प्रसिद्ध करायला संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाची परवानगी लागते, आणि असल्या रॅपला ती कोण देणार? पण रॅपला ना वाद्यवृंद लागतो, ना सभागृह. खोलीत माइक आणि संगणक असला की पुरे. तेहरानचा रॅपर हिचकस याने २००६ च्या ‘जंगल-ए-आस्फाल्त’ या अल्बममधून ही वाट रुळवली. गाणी इंटरनेटवर चढतात, आणि बंदी घातलेल्या साइट लोक व्हीपीएन लावून उघडतात.

शिवाय फारसीचा कान यमकावर पोसलेला. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी गझल मराठीत आणली, म्हणून काफिया-रदीफची, म्हणजे यमकाची आणि त्यामागे पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दाची, गोडी आपल्यालाही ठाऊक आहे. फारसीतही मराठीसारखंच क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं, आणि त्याला कर्त्याप्रमाणे ठरावीक प्रत्यय लागतात. त्यामुळे ओळीअखेरचं यमक जवळपास फुकट मिळतं. खरा कस लागतो तो ओळीच्या पोटात, तीन-तीन चार-चार अक्षरांचे स्वर जुळवताना. अशी जुळलेली ओळ एकदा कानात शिरली की हटत नाही, आणि पाठ झालेल्या ओळीवर बंदी घालणार कशी?

मग सरकारने गाणाऱ्यालाच धरलं. पहिली अटक सप्टेंबर २०२१ मध्ये. पुढच्या वर्षी महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर उतरले, तूमाजही उतरला, आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा पकडला गेला. २०२३ मध्ये त्याला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये जामिनावर सुटताच त्याने कोठडीतल्या छळाबद्दल जाहीरपणे सांगितलं, आणि दोन आठवड्यांच्या आत तो परत आत गेला. एप्रिल २०२४ मध्ये इस्फहानच्या क्रांतिकारी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. आरोप होता ‘पृथ्वीवर भ्रष्टाचार पसरवणे’. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि १ डिसेंबर २०२४ ला तो बाहेर आला.

एवढं सोसणाऱ्याची गाणी नुसती सत्तेवर आग ओकणारी असतील असं वाटेल. पण मला त्याचं सर्वांत धारदार गाणं वाटतं ते २०२१ चं ‘सूराख-ए-मूश’, म्हणजे उंदराचं बीळ. त्यात तो डोळेझाक करणाऱ्यांची झाडाझडती घेतो: लाळघोट्या कलाकारांची, विकल्या गेलेल्या पत्रकारांची, अन्याय दिसूनही वळून चालू पडणाऱ्यांची. या सगळ्यांना तो आधीच बीळ बघून ठेवायला सांगतो. त्या यादीत आपण कुठे बसतो, हे ऐकणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं.