बंदूक घरात येण्यापूर्वी

परवाना हातात पडला म्हणजे संरक्षण मिळाले, असे होत नाही. नवशिक्याने आधी काय शिकावे?

प्रतिनिधी

शहराच्या हद्दीवरील बंगला, घरात दोन वयस्क माणसे, मुले परगावी आणि शेजारच्या गल्लीत नुकतीच झालेली घरफोडी. अशा घरात ‘एखादी बंदूक बाळगावी का?’ हा विषय कधी ना कधी निघतोच. त्यामागची भीती खोटी नसते. मात्र, बंदूक विकत घेणे आणि ती जबाबदारीने चालवता येणे यांत मोठे अंतर आहे. ते प्रशिक्षणाने भरून काढले नाही, तर घरातील शस्त्राचा धोका चोरापेक्षा घरच्यांनाच अधिक असतो.

कायद्याची चौकट

भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नसून परवान्याने मिळणारी मुभा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीकडे कायदा रायफल वा पिस्तुलाच्या तुलनेत सौम्यपणे पाहतो. स्वसंरक्षण हे तिच्यासाठी मान्य कारण आहे. तरीही पोलीस पडताळणी चुकत नाही आणि परवाना नाकारण्याचा अधिकारही कायम राहतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षितता प्रशिक्षण आणि शस्त्राची सुरक्षित साठवण यांवर भर दिला. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, तर एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. समारंभात हर्षभराने गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही त्याच दुरुस्तीने केली.

‘बारा बोअर’ म्हणजे काय?

घरगुती वापरातील परिचित शस्त्र म्हणजे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी बंदूक. एक पौंड शिशाच्या १२ समान गोळ्या केल्यास त्यांतील एकीचा जो व्यास, तोच या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. तिच्या काडतुसात सहसा एक गोळी नसून अनेक छर्रे असतात. यातूनच एक गैरसमज रूढ झाला आहे, की या बंदुकीने नेम धरावा लागत नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. खोलीच्या लांबीएवढ्या अंतरात छर्ऱ्यांचा झोत तळहाताहून फारसा मोठा होत नाही. नेम चुकला, तर तो सगळा झोत पलीकडे जातो, आणि प्लायवूडचा दरवाजा किंवा पातळ पार्टिशन त्याला अडवू शकत नाही. पलीकडच्या खोलीत कोण झोपले आहे, हा विचार म्हणूनच आधी करावा लागतो.

पहिले धडे काडतुसाविना

प्रशिक्षणाची सुरुवात गोळी झाडण्यापासून होत नाही. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळी कोणत्याही माणसाकडे वळवू नये. निर्णय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य आणि त्यामागे काय आहे याची खात्री करावी. हे चार नियम अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाता येत नाही. दुनळी बंदूक मधोमध उघडते आणि दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसते, त्यामुळे नवशिक्याला ती समजण्यास सोपी जाते. बंदूक हातात घेताना, दुसऱ्याला देताना आणि ठेवताना ती उघडून पाहण्याची सवय याच टप्प्यावर लागली पाहिजे.

त्यानंतर उभे राहण्याची पद्धत. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल दस्त्यावर टेकलेला, शरीराचा भार किंचित पुढच्या पायावर. दस्ता सैल धरला, तर धक्क्याने खांदा दुखावतो आणि मनात बसलेल्या भीतीने पुढचा प्रत्येक नेम हलतो. पहिला सराव हलक्या काडतुसांनी, एका वेळी एकच काडतूस भरून आणि मान्यताप्राप्त सराव केंद्रातच करावा. कानांना संरक्षण अनिवार्य आहे, कारण बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एकाच बाराने श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. काडतूस उडाले नाही, तर बंदूक लगेच उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत सरकून अडकते आणि त्यामागे दुसरे भरून झाडल्यास नळी फुटू शकते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे.

चाप ओढण्याआधीचा प्रश्न

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा अधिकार दिला आहे. रात्रीच्या घरफोडीच्या प्रसंगी तो हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत जाऊ शकतो. मात्र, संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल, तर हा अधिकारच उरत नाही. घराबाहेर पडून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणाऱ्याला या कलमांचा आधार मिळणे कठीण आहे.

अंधारातील अनिश्चितता काय घडवू शकते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत मिळते. धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने १४ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रिटोरियातील घरात स्वच्छतागृहाच्या बंद दारावर पिस्तुलातून चार गोळ्या झाडल्या. आत घुसखोर असल्याचे वाटले, असा बचाव त्याने केला. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प होती. २०१५ मध्ये तेथील अपिलीय न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी ठरवले. दाराआड कोणीही असो, ती व्यक्ती मरेल हे त्याला कळत होते, हा निकालाचा गाभा होता.

कुलूप आणि किल्ली

बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत असावीत आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत. आता कुलपातील बंदूक काढायला वेळ लागतो, अशी तक्रार होते. ती खरीही आहे. परंतु तो वेळ भक्कम दरवाजा, आतली कडी, बाहेरचा दिवा, शेजाऱ्यांशी ठरलेला संकेत आणि ११२ क्रमांकाचा दूरध्वनी यांनी मिळवायचा असतो. रात्री आवाज झाल्यास आधी घरातील प्रत्येकजण कुठे आहे हे पाहावे, सर्वांनी एका खोलीत जमावे, दार लावावे आणि पोलिसांना कळवावे. बंदूक हाती घेऊन अंधारात शोध घेत फिरणे यात बसत नाही.

हे सारे शिकण्याची आणि दरवर्षी सरावाने ताजे ठेवण्याची तयारी नसेल, तर परवान्याचा अर्ज न करणे हाही शहाणपणाचाच निर्णय ठरेल.